घरच्या तव्यावर स्टेक: अंडरकट निवडण्यापासून लसूण-कोथिंबिरीच्या बटरपर्यंत

तापलेला तवा, त्यावर चर्र करत पडणारा गोश्तचा जाड तुकडा आणि वरून हळूहळू वितळणारं बटर. हा व्हिडिओ आपल्या घरातल्या जवळपास प्रत्येक मोबाईलवर एकदा तरी येऊन गेला आहे. त्यामागोमाग मुलांची फर्माईश येते, ‘हे आपण घरी करूया ना!’ मोठ्या हॉटेलात जाऊन खायचं म्हटलं तर एका प्लेटचे पैसे बघूनच माणूस मेनूकार्ड मिटतो. शिवाय गोश्त हलाल आहे का, सॉसमध्ये काय ओतलंय, याची खात्री सगळीकडे मिळतेच असं नाही.

म्हणजे स्टेक घरीच केलेला बरा. पण तिथेही मन कचरतं. एवढा महागाचा अंडरकट आणला आणि चामड्यासारखा झाला तर? आतून लाल राहिला तर ते रक्त नाही का? अर्धवट शिजलेलं गोश्त लहान मुलांना द्यायचं का? या प्रश्नांची उत्तरं समजून घेतली की उरतं ते काम तसं सोपं आहे. बिर्याणीचा दम ज्यांना जमतो त्यांना स्टेक जमायला काहीच हरकत नाही.

निहारीच्या उलटं गणित

आपल्या घरांत मोठ्याचं गोश्त म्हटलं की बहुतेक वेळा सालन, निहारी, हलीम किंवा कबाब. निहारीसाठी आपण मुद्दाम पायाचं, नळीचं गोश्त घेतो. जनावर आयुष्यभर ज्या स्नायूंवर चालतं ते स्नायू कडक असतात, त्यांत चिवट पांढरे तंतू भरपूर असतात. मंद आचेवर तासन् तास पाण्यात शिजल्यावर हे तंतू विरघळतात आणि रस्सा चिकट, दाट होतो.

स्टेकचं गणित याच्या बरोबर उलटं आहे. इथे असा स्नायू घ्यायचा ज्याला जनावराच्या अंगात फारसं कामच नसतं. तो मुळातच मऊ असतो, त्यात विरघळवायला काही नसतं. म्हणून तो कोरड्या, तेज आचेवर काही मिनिटांत शिजवायचा. तो निहारीत टाकला तर कोरडा आणि भुसभुशीत होईल. आणि नळीचं गोश्त स्टेकसारखं तव्यावर टाकलं तर चावता चावता जबडा दुखेल. पहिली अर्धी लढाई गोश्तच्या दुकानातच जिंकायची असते ती अशी.

कोणतं गोश्त घ्यायचं?

पाश्चात्त्य व्हिडिओंमध्ये दिसणारा स्टेक बहुतेक वेळा गोवंशाचा असतो. रिबआय, अँगस, जपानी वाग्यू ही नावं तिथली. आपल्याकडे कायदा वेगळा आहे. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गोहत्येवर बंदी होतीच. २०१५मध्ये सुधारित कायदा लागू झाल्यापासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. हा कायदा मोडून कापलेल्या जनावराचं मांस बाळगणं आणि विकणं हाही गुन्हा आहे. गोवंशाचं मांस परदेशातून भारतात आयात करायलाही परवानगी नाही. म्हैस आणि रेडा यांना मात्र ही सरसकट बंदी लागू नाही. प्रमाणपत्र घेऊन, परवाना असलेल्या कत्तलखान्यात त्यांची कत्तल करता येते.

त्यामुळे महाराष्ट्रात घरी स्टेक करायचा म्हणजे म्हशीचं किंवा रेड्याचं गोश्त. ते परवाना असलेल्या, ओळखीच्या दुकानातूनच घ्यावं. बिल मागून घ्यावं आणि घरी पोहोचेपर्यंत जपून ठेवावं. दुसऱ्या राज्यात नातेवाइकांकडे जाताना गोश्त सोबत नेण्याचा विचार असेल तर तिथला कायदा आधी बघावा, कारण प्रत्येक राज्याचे नियम सारखे नाहीत.

दुकानात गेल्यावर ‘अंडरकट’ मागायचा. मुंबई-पुण्याकडच्या कुरेशी बांधवांना हा शब्द चांगला माहीत असतो. पाठीच्या कण्याखाली, आतल्या बाजूला असणारा हा लांबट स्नायू. एका जनावरात असे दोनच निघतात, म्हणून तो महाग असतो आणि लवकर संपतो. आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं. घेताना तीन गोष्टी बघाव्यात. शक्यतो कोवळ्या जनावराचा घ्यावा. वरचा पांढरट-निळसर चकचकीत पापुद्रा काढून घ्यावा, कारण तो तव्यावर आकसतो आणि तुकडा वाकडा होतो. आणि काप धाग्यांना आडवे, साधारण तीन सेंटीमीटर म्हणजे दोन बोटं जाडीचे मागावेत. माणशी १८० ग्रॅमचा एक काप पुरेसा होतो. पातळ काप घेऊ नयेत. वरून रंग येईपर्यंत ते आतून करपलेलेच असतात.

आणखी एक गोष्ट कुर्बानीच्या दिवसांत विशेष लक्षात ठेवण्यासारखी. जबीहा झाल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि तो ताठरपणा उतरायला वेळ लागतो. म्हणूनच ईदच्या दिवशीचं ताजं गोश्त अनेकदा चिवट लागतं. कलेजी त्याच दिवशी करावी. अंडरकट मात्र झाकून फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात एक ते दोन दिवस ठेवावा. तो आपोआप मऊ होतो, त्याला कच्ची पपई लावायची गरज पडत नाही. पपई कबाबाला आणि पसंद्यांना ठीक. अंडरकटला लावली तर बाहेरचा थर लगद्यासारखा होतो.

ते लाल पाणी रक्त असतं का?

आपल्या घरांत स्टेकला सगळ्यात जास्त विरोध होतो तो याच मुद्द्यावर. ताटात लालसर पाणी दिसलं की दादी, नानी ताट बाजूला सरकवतात. त्यांची शंका चुकीच्या हेतूने नसते, कारण रक्त हराम आहे हे लहानपणापासून शिकवलेलं असतं.

पण ते पाणी रक्त नसतं. स्नायूंमध्ये मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, ते प्राणवायू साठवून ठेवतं. त्याचा रंग लाल असतो. गोश्तात जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं आणि त्या पाण्यात हे प्रथिन मिसळलं की ते लाल दिसतं. शिजताना मायोग्लोबिनचा रंग बदलतो, लालचा गुलाबी आणि गुलाबीचा तपकिरी होतो. कोंबडीच्या छातीत ते फार कमी असतं म्हणून ती फिकट दिसते. म्हशीच्या गोश्तात ते जास्त असतं म्हणून ते गडद दिसतं. खरं रक्त हवेत साकळतं. पिशवीतलं हे पाणी मात्र तसंच पातळ राहतं.

शरीअतच्या बाजूने पाहिलं तर कुरआनात सूरह अनआमच्या १४५व्या आयतीत जे हराम सांगितलं आहे ते वाहतं रक्त. जबीहामध्ये गळ्याच्या नसा कापल्या जातात आणि ते रक्त वाहून जाऊ दिलं जातं. त्यानंतर गोश्तात आणि बारीक नसांमध्ये जे थोडं उरतं ते माफ आहे, असंच फुकहांनी सर्वसाधारणपणे म्हटलं आहे. कापल्याच्या जागी साकळलेलं रक्त मात्र धुऊन काढायला हवं. कुणाच्या मनात तरीही शंका असेल तर आपल्या भागातल्या आलिमांना विचारून घ्यावं. आणि घरातल्या एखाद्या बुजुर्गांना गुलाबी रंग बघवतच नसेल तर त्यांचा तुकडा पूर्ण शिजवावा. दस्तरख्वानावर कुणाचं मन खट्टू करून खाण्यात मजा नाही.

किती शिजवायचं?

धार्मिक प्रश्न सुटला तरी आरोग्याचा प्रश्न राहतो आणि तो तितकाच महत्त्वाचा आहे. अख्ख्या तुकड्यात जंतू मुख्यतः बाहेरच्या पृष्ठभागावर असतात. तेज आचेवर तो पृष्ठभाग आधी तापतो, म्हणून स्टेक आतून थोडा गुलाबी ठेवता येतो. खिम्याचं तसं नाही. दळताना बाहेरचे जंतू आतपर्यंत पोहोचतात, त्यामुळे खिमा, कबाब आणि बर्गर नेहमी आतपर्यंत पूर्ण शिजलेलेच हवेत.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम सोपा आहे. अख्खा तुकडा मध्यभागी ६३ अंश सेल्सिअसला पोहोचावा आणि त्यानंतर किमान तीन मिनिटं तसाच राहू द्यावा. खिम्यासाठी हाच आकडा ७१ आहे. हॉटेलवाले ज्याला ‘रेअर’ म्हणतात तो स्टेक आतून ५० अंशांच्या आसपासच असतो. आपल्याकडे गोश्त अनेकदा उघड्यावर टांगलेलं असतं आणि थंड साखळीतून येत नाही. म्हणून घरी रेअरच्या वाटेला जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ६३ अंशांना तुकडा मधोमध हलका गुलाबी आणि रसाळ असतो. गरोदर महिला, लहान मुलं, वृद्ध आणि मधुमेहासारखे आजार असलेले यांचा तुकडा ७१ अंशांपर्यंत न्यावा.

यासाठी स्वयंपाकाचा टोकदार थर्मामीटर घ्यावा. तो फार महाग नसतो आणि एकदा घेतला की चिकन, रान, केक सगळ्याला उपयोगी पडतो. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा मधोमध कापून बघावा. आत गडद लाल आणि थंड असेल तर पुन्हा तव्यावर ठेवावा. पण नुसत्या रंगावरून अंदाज चुकू शकतो, म्हणून अशा वेळी एक मिनिट जास्त शिजलेलं चालेल, कमी नको.

बटर कशासाठी?

बटर फक्त फोटोसाठी आहे असं अनेकांना वाटतं. वाग्यूसारख्या गोश्तात चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा जाळीसारख्या पसरलेल्या असतात. शिजताना ती चरबी वितळते आणि प्रत्येक घास ओलसर लागतो. म्हशीच्या अंडरकटमध्ये ही जाळी जवळपास नसते. गोश्त मऊ असतं पण चरबी कमी, त्यामुळे चवीला थोडं कोरडं आणि सपाट वाटू शकतं. ही कमतरता बटर भरून काढतं. म्हणजे व्हिडिओतल्या स्टेकपेक्षा आपल्या स्टेकला बटरची गरज जास्त आहे.

फ्रेंच स्वयंपाकात बटरमध्ये पार्सली आणि लिंबू मिसळून ठेवायची जुनी पद्धत आहे. पार्सलीच्या जागी कोथिंबीर घेतली की ते आपल्या घरचंच होतं. चार जणांसाठी प्रमाण असं:

- बटर १०० ग्रॅम, बाहेर ठेवून नरम केलेलं, पण वितळवलेलं नको
- लसणाच्या ४ पाकळ्या, अगदी बारीक वाटलेल्या
- बारीक चिरलेली कोथिंबीर २ मोठे चमचे, धुऊन पूर्ण कोरडी केलेली
- १ हिरवी मिरची, बिया काढून बारीक चिरलेली
- लिंबाचा रस १ लहान चमचा आणि किसलेली साल पाव चमचा
- जाडसर कुटलेली काळी मिरी अर्धा चमचा

सगळं चमच्याने कालवून बटर पेपरवर घ्यावं, सुरळी करावी, दोन्ही टोकं पिळावीत आणि फ्रिजमध्ये दोन तास घट्ट होऊ द्यावं. बाजारातलं पिवळं बटर खारट असतं, त्यामुळे वेगळं मीठ घालू नये. तिखट आवडणाऱ्यांनी हिरव्या मिरचीऐवजी काश्मिरी मिरची पावडर आणि भाजून कुटलेलं जिरं घालावं. कच्चा लसूण असल्यामुळे हे बटर बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस आणि फ्रीझरमध्ये महिनाभर राहतं. उरलं तर पावावर, भाजलेल्या मक्यावर किंवा तळलेल्या सुरमईवर छान लागतं.

विकतचे सॉस आणि तयार बटर घेताना लेबल वाचावं. स्टेकच्या अनेक सॉसमध्ये रेड वाईन किंवा ब्रँडी घालतात आणि काही मस्टर्ड पेस्टमध्येही व्हाइट वाईन असते. ‘शिजताना सगळं उडून जातं’ असं सांगितलं जातं, पण ते पूर्णपणे खरं नाही. थोडं अल्कोहोल उरतंच. आणि आपला प्रश्न किती उरलं हा नाहीच. घरच्या बटरमुळे ही चिंताच मिटते.

तव्यावरची कृती

आदली तयारी. काप धुवायचे असतील तर धुवावेत. मात्र धुतल्याने जंतू जात नाहीत, ते आचेनेच मरतात. महत्त्वाचं हे की नंतर काप स्वच्छ कापडाने किंवा टिश्यूने टिपून कोरडे करावेत. दोन्ही बाजूंना मीठ लावून किमान ४० मिनिटं ठेवावेत. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारट पाणी आत मुरतं. वेळ असेल तर मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये उघडेच ठेवावेत, पृष्ठभाग छान कोरडा होतो. फ्रीझरमधला अंडरकट आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावा, गरम पाण्यात सोडवू नये.

कोरडेपणा एवढा का? स्टेकचा तो तपकिरी, खमंग थर साधारण १४० अंशांच्या पुढे तयार होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२मध्ये या प्रक्रियेचं वर्णन केलं. पाणी मात्र १०० अंशांना उकळतं. पृष्ठभाग ओला असेल तर तव्याची सगळी उष्णता ते पाणी उडवण्यात जाते आणि स्टेक भाजण्याऐवजी उकडला जातो. करडा रंग येतो तो यामुळेच.

तवा. बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा घ्यावा. नॉनस्टिक इतक्या आचेसाठी नसतो. तवा मोठ्या आचेवर पाच मिनिटं तापवावा. धूर होणार, म्हणून खिडक्या उघडाव्यात, चिमणी लावावी.

तूप आधी, बटर शेवटी. तव्यावर एक मोठा चमचा साजूक तूप घालावं. बटरमध्ये दुधाचे कण असतात, ते १५० अंशांच्या पुढे करपून कडू होतात. तुपातून ते कण आधीच काढलेले असतात, म्हणून ते तेज आच सहन करतं.

भाजणं. एका वेळी दोनच काप टाकावेत, जास्त टाकले तर तवा थंड पडतो. पहिली दीड-दोन मिनिटं हात लावू नये, खालची बाजू तपकिरी झाली की उलटावा. मग आच मध्यम करून दर मिनिटाला उलटत राहावा. ‘एकदाच उलटायचा’ हा नियम पाळायची गरज नाही, वारंवार उलटल्याने दोन्हीकडून सारखा शिजतो. चिमट्याने उभा धरून कडाही भाजून घ्याव्यात. तीन सेंटीमीटरच्या कापाला एकूण ८ ते १० मिनिटं लागतात, पण प्रत्येकाचा गॅस आणि तवा वेगळा. घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवावा.

बटर. मध्यभागी ५८-६० अंश दिसले की आच बारीक करावी, बटरची एक चकती तव्यात टाकावी, तवा किंचित तिरका करून वितळलेलं बटर चमच्याने स्टेकवर घालत राहावं. ६३ झालं की उतरवावा.

विश्रांती. ताटलीत काढून वर बटरची दुसरी चकती ठेवावी आणि पाच मिनिटं अजिबात कापू नये. लगेच कापला तर रस ताटलीत वाहून जातो. थोडा थांबला तर बराचसा आतच राहतो. तेज आचेने भाजल्यावर वरचा थर ‘सील’ होतो आणि रस आत अडकतो, ही समजूत जर्मन शास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यापासून चालत आली आहे, पण ती खरी ठरली नाही. भाजण्याने चव येते. रस वाचतो तो वेळेवर उतरवण्याने आणि थांबण्याने.

मोठ्याचं गोश्त खात नसाल तर

अनेक घरांत फक्त बकऱ्याचंच मटण येतं. बकऱ्याचा अंडरकट फार लहान असतो, त्याचा स्टेक होत नाही. त्याऐवजी चापा घ्याव्यात. आलं-लसूण, मीठ आणि थोड्या पाण्यात आधी कुकरला जेमतेम मऊ होईपर्यंत शिजवाव्यात, कोरड्या कराव्यात, मग तुपात तेज आचेवर परतून वर हेच बटर सोडावं. उरलेली यखनी आटवून त्यात लिंबू पिळलं की वाईनशिवायचा सॉस तयार.

आखाती देशांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हलाल रिबआयसारखे चरबीदार काप सुपरमार्केटमध्ये मिळतात. तिथे कृती हीच, फक्त तूप आणि बटर निम्मं करावं, कारण चरबी गोश्तातच असते.

वाढताना प्रत्येकाला वेगळी प्लेट, काटा-सुरी असा थाट हवाच असं नाही. स्टेकचे धाग्यांना आडवे पातळ काप करून एका मोठ्या थाळीत मांडावेत, ताटलीत उतरलेला रस आणि बटर वरून ओतावं, बाजूला भाजलेले बटाटे, कांदा-लिंबू आणि गरम पाव. असं केलं की चार स्टेकमध्ये पाच-सहा माणसं आरामात जेवतात आणि ज्याला जास्त शिजलेलं हवं तो कडेचे काप उचलतो. सुरुवात मात्र एकाच कापाने करून बघावी. आपल्या तव्याची आच किती हे एकदा कळलं की पुढच्या जुम्म्याला पाहुण्यांना बोलवायला हरकत नाही.